कॅमेऱ्याचे खानदान

आपल्याकडे मुलीसाठी रिश्ता आला की सगळे घर चौकशीला लागते. मुलाचे मामू काय करतात, दादा कुठल्या गावचे, घर स्वतःचे की भाड्याचे, हे सगळे कळल्याशिवाय चहाबरोबर नानखटाई पुढे येत नाही. पण खांद्यावर कॅमेरा टाकून चार अनोळखी माणसे मोहल्ल्यात आली आणि "आम्ही डॉक्युमेंटरी बनवतोय" म्हणाली, की आपण खुर्च्या पुसून देतो, थंड मागवतो आणि मुलांना नवे कपडे घालायला पाठवतो. यांचे खानदान मात्र कुणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात ती चौकशी मीच करून आणली आहे. मुलीच्या बापाने ऐकावी तशी ऐका.

घराण्याचे परदादा रॉबर्ट फ्लॅहर्टी, राहणार अमेरिका. मूळ धंदा कॅनडाच्या उत्तरेला लोखंडाच्या खाणी शोधण्याचा. जाताना सोबत कॅमेरा नेला, बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांचे ढीगभर चित्रीकरण केले आणि 1916 साली सिगारेटची ठिणगी पाडून त्याची तीस हजार फूट फिल्म जाळून टाकली. दुसरा कुणी असता तर तौबा करून घरी बसला असता. यांनी फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडून पैसे घेतले, पुन्हा बर्फात गेले आणि 1922 साली 'नानूक ऑफ द नॉर्थ' पडद्यावर आणला. जगभर वाहवा झाली.

आता आतली गोष्ट. 'नानूक'चे खरे नाव अलाकारिआलाक. चित्रपटात त्याची म्हणून दाखवलेली बायको त्याची नव्हती. तिथले लोक तोवर बंदुकीने शिकार करू लागले होते, पण चित्रपटात त्यांच्या हाती भाला दिला. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड मिळेना, म्हणून अर्धेच घर बांधले आणि बिचारे कुटुंब उघड्यावर झोपेचे सोंग घेत पडले. ग्रामोफोन बघून नानूक चकित होतो आणि तबकडी चावून बघतो, असाही प्रसंग आहे. वास्तविक ग्रामोफोन त्याला नवा नव्हता. गंमत अशी की पडद्यावर ज्यांना भोळे दाखवले, तीच माणसे पडद्यामागे फिल्म धुण्याच्या कामात साहेबांना मदत करत होती.

घराण्याचे दादा लुई बुन्युएल, राहणार स्पेन. यांच्याकडे पैसा नव्हता. एका मित्राला लॉटरी लागली आणि त्या पैशातून 1933 साली 'लास उर्देस' या डोंगरी मुलखावरचा माहितीपट तयार झाला. हा मित्र पेशाने चित्रकलेचा शिक्षक होता! लॉटरी लागल्यावर घर बांधायचे सोडून मित्राला सिनेमा काढून देणारा मास्तर स्टाफरूममध्ये काय ऐकून घेत असेल, याची मला कल्पना आहे. संकलनाला यंत्र नव्हते, म्हणून बुन्युएलसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग घेऊन फिल्म जोडली.

या माहितीपटात निवेदक सांगतो की इथले लोक बकरीचे मांस खातात ते बकरी कड्यावरून पडून मेली तरच. लगेच एक बकरी पडतेही. पण नीट पाहिले तर पडद्याच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो. पथकाला बकरी पडेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. काही जाणकार म्हणतात की बुन्युएलने गरिबीचे प्रदर्शन मांडणाऱ्या माहितीपटांचीच ही थट्टा केली. केली असेल. पण बकरीला ती समजावून सांगायला कुणी गेले नाही.

या घराण्याचे नातू आजही आपल्या गल्लीत येतात. दिग्दर्शकाचे शिक्षण परदेशी आणि आपल्या गावाची ओळख स्टेशनपासून रिक्षा थांबेपर्यंतची. कॅमेरामनला रुंद रस्ता दिसत नाही, त्याला फक्त अरुंद बोळ, मिनार आणि शिंग उगारलेला बोकड दिसतो. ध्वनिमुद्रक अजानची वाट पाहत बसतो. मशिदीसमोर दवाखाना आहे आणि तिथल्या डॉक्टरीणबाई याच मोहल्ल्यातल्या आहेत, हे त्याच्या यंत्रात उमटत नाही. संशोधन करणारी मुलगी नम्र असते. "चाचा, जरा उदास बसाल का?" असे ती फार अदबीने विचारते. चाचाही कमाल करतात. नातवाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याचे पेढे सकाळीच वाटलेले असतात, तरी पाहुण्यांचे मन राखायला ते उदास बसतात. मग वर्षभराने तो चेहरा दिल्लीच्या सभागृहात 'एका समाजाची व्यथा' म्हणून झळकतो.

हसू येते, पण इथे आपले बरेच काही पणाला लागलेले असते. आपल्या मुलाला नोकरीला घेणारा, आपल्या मुलीला खोली भाड्याने देणारा माणूस आपल्या घरी कधीच आलेला नसतो. त्याने तो चेहरा पाहिलेला असतो.

सगळे खानदान मात्र वाया गेलेले नाही. 2006 च्या स्फोटानंतर मालेगावचे नाव निघाले की लोकांना पोलीस आणि रुग्णवाहिका आठवू लागल्या. त्याच मालेगावात फैझा अहमद खान या दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन गेल्या आणि 2008 साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट आला. त्यांनी नासिर शेख आणि त्यांच्या मित्रमंडळींना 'मालेगाव का सुपरमॅन' बनवताना टिपले. त्या मंडळींचे सामान काय, तर क्रेन म्हणून बैलगाडी, ट्रॉली म्हणून सायकल. सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा काडीपहिलवान शफीक. त्याच्या चड्डीचा नाडा लोंबतो आहे आणि तो तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध लढतो आहे. पाण्यात चित्रीकरण करताना त्यांचा कॅमेराच पाण्यात पडतो. प्रेक्षक पोट धरून हसतो, पण त्या माणसांना हसत नाही, कारण विनोद त्यांनी स्वतः केलेला आहे. कुणाला उदास बसवावे लागले नाही. दुःख आले तेही त्यांच्याच तोंडून, हसता हसता आले.

तेव्हा दारात कॅमेरा आला तर जरूर या म्हणा, चहाही द्या. फक्त नानखटाईच्या आधी काही प्रश्न विचारा. चित्रपट कशावर आहे? तो कुठे दाखवणार? आम्ही काय बोललो ते आधी आम्हाला दाखवाल का? घरातल्या बायकांना आणि मुलांच्या आईबापांना विचारल्याशिवाय चित्रीकरण करणार नाही, हे लिहून द्याल का? सरळ माणूस सरळ उत्तर देईल. आणि कुणी उदास बसायला सांगितले, तर आधी पेढ्याचा डबा पुढे करा आणि म्हणा, "अगोदर हा कॅमेऱ्यात घ्या."