सोनईकरांनो, १ मेच्या ग्रामसभेला या

मृग निघायला दोन महिनेही उरलेले नाहीत. माळ्यावरची जुनी दप्तरे जातात ती पावसाळ्यातच. पत्रा गळतो, रुमाल ओला होतो, मागोमाग वाळवी येते आणि दिवाळीच्या साफसफाईत उरलेसुरले रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. त्यात मोडीतली खते असतात, वतनाचे कागद असतात, देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या असतात, पोथ्या असतात. वाचता येत नाही म्हणून किंमत कळत नाही, एवढेच. शाळेत मोडी शिकलेली पिढी आता संपत आली आहे. कागद राहिले आणि वाचणारे गेले, तरी नवे वाचणारे तयार करता येतात. कागदच गेले तर मात्र काही करता येत नाही.

याच गावात अशीही माणसे आहेत ज्यांच्या हाताला काम नाही. कोणाला चालता येत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला दिसत नाही. शिकलेली आहेत, मोबाइल सफाईने चालवतात, पण ऊसतोडीला किंवा कारखान्याच्या पाळीला जाऊ शकत नाहीत म्हणून दिवस ओट्यावर जातो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. बहुतेक गावांत तिचे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च आला की घाईघाईने थोडे थोडे वाटप, एक फोटो, आणि पुढच्या मार्चपर्यंत सामसूम.

आमची मागणी एवढीच आहे की हा पैसा वाटण्याऐवजी मजुरीला लावा. जुने कागद सांभाळण्याच्या कामावर गावातले सहा दिव्यांग घ्या. महिन्याला वीस दिवस आणि रोज ४०० रुपये धरले तर महिन्याचे ४८ हजार होतात. निम्मे ग्रामपंचायतीने द्यावेत, निम्मे ज्यांची दप्तरे आहेत त्या देवस्थानांनी, शिक्षण संस्थांनी, सहकारी संस्थांनी. सोनईला सहकार म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नाही.

काम कसले, असे विचारले जाते. रुमालाची गाठ सोडायची. ओढून नाही, कारण कापड जीर्ण असते. आतले कागद आहेत त्याच क्रमाने ठेवायचे. मऊ ब्रशने धूळ झटकायची, कसरीने खाल्लेल्या कडेला बोट लावायचे नाही, पान सपाट करून शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो घ्यायचा, मग पाठीमागे पेन्सिलीने बारीक क्रमांक. पेनने कधीच नाही. दिवसभर एका जागी बसून, घाई न करता करायचे काम आहे हे. ज्याला ऐकू येत नाही त्याची नजर इथे उपयोगी पडते. ज्याला दिसत नाही त्याने रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या बायकांजवळ बसावे. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या आळीतल्या आजीच्या ओव्या त्यात असतीलच असे नाही.

आता अडचणीचे बोलू. ‘काम धरले तर निराधारचा पगार बंद होईल,’ ही भीती घरोघरी आहे आणि ती खोटी नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला अडीच हजार मिळतात, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि महिन्याला आठ हजार मजुरी म्हणजे वर्षाचे ९६ हजार त्या मर्यादेबाहेर जातात. अडीचच्या जागी आठ आले तर कोणीही आनंदाने पगार सोडील. पण सहा महिन्यांनी काम बंद पडले, तर मजुरीही गेली आणि पगारही. पुन्हा प्रकरण करायला तहसीलच्या पायऱ्या, त्याही कुबड्यांवर. म्हणून ठराव किमान तीन वर्षांचा हवा, आणि कमी दिवस काम करण्याची मुभा हवी. नेवाशाच्या तहसील कार्यालयाकडून पगाराबाबतचा खुलासा लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर कोणी नाव देऊ नये, असे आम्हीच सांगू.

स्वीडनने २०१२ मध्ये देशपातळीवर असेच करून पाहिले. काम करण्याची ताकद कमी झालेल्यांना संग्रहालये आणि दफ्तरखान्यांत सरकारी अनुदानाने नोकऱ्या द्यायच्या होत्या. ठरवले होते त्या मानाने फारच थोडी माणसे कामाला लागली आणि योजना आवरती घ्यावी लागली. घोषणा मोठी नको, सहा खुर्च्या पुरे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीही.

आपल्या तालुक्याला हे परके वाटू नये. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात, त्या पैसाच्या खांबावर देवाच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. रक्कम किरकोळ, पण कोणीतरी ती दगडावर नोंदवली म्हणून आज कळते. ज्ञानेश्वरीही एकाने सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणारे गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गमावून बसले होते. त्यांचे शंभरावर ग्रंथ दुसऱ्यांच्या हाताने कागदावर उतरले. १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी नेवाशाला खोदकाम केले, तेव्हा जग नेवासे पाहायला आले. पुढचे काम आपले होते, ते राहिले.

ज्यांच्या घरी दप्तर आहे त्यांनी ते विकू नये, जाळू नये, गोदेत सोडू तर मुळीच नये. मालकी तुमचीच राहील, गावाला फक्त फोटो हवा. ज्यांच्या घरी दिव्यांग मुलगा, मुलगी, सून आहे त्यांनी नाव ग्रामपंचायतीत लिहून द्यावे. सुनांची आणि मुलींची नावे मागे ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य सांगितले आहे.

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग दहा जण ठरवतात ते गावाचे होते. १ मेला झेंडावंदन झाले की घरी जाऊ नका. सभा तळमजल्यावर, चाकाची खुर्ची आत येईल अशा जागी आणि खुणांची भाषा जाणणाऱ्या माणसासह घ्यावी, असा अर्ज त्याआधी आठ दिवस द्यायचा आहे. त्यावर सह्या हव्या आहेत.