भाड्याची पेटी

अमेरिकेंत संसार थाटलेल्या एका वाचक भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें आहे. सासूसासरे सहा महिने त्यांच्याकडे राहून पुण्यास परतले; परंतु त्यांच्या खोलींतील दूरचित्रवाणीसाठीं केबल कंपनीकडून भाड्यानें आणलेली पेटी तशीच राहिली. भाडें दरमहा १० डॉलर. परत करूं म्हटलें तर यजमान म्हणतात, "आईबाबा पुन्हां यावयाचेच आहेत, त्यांची खोली मोडल्यासारखें दिसेल." यास १४ महिने झाले. सासूबाई मराठी मालिका बहुतेक फोनवरच पाहत, असेंही त्या भगिनी लिहितात.

आमचें मत असें कीं, खोली राहूं द्यावी, पेटी परत करावी. १४० डॉलर नुसत्या धूळ खाणाऱ्या वस्तूपायीं गेले, हें सासूबाईंना कळलें तर पेटी उचला म्हणून प्रथम त्याच सांगतील, अशी आमची खात्री आहे. पुढें त्या आल्या म्हणजे कंपनीचें अ‍ॅप नव्या धर्तीच्या संचावर पेटीवांचून चालतें कीं काय, तें आधीं पाहावें.

या भाड्याला अंत नसतो, हेंच त्यांतील मर्म आहे. पेटीची किंमत कितीदांही वसूल झाली तरी ती आपली होत नाहीं. मार्की व ब्लुमेंथल या दोन सिनेटरांनीं २०१५ सालीं केलेल्या पाहणींत, सरासरी कुटुंब वर्षाकांठीं २३१ डॉलर अशा भाड्यापोटीं भरतें, असें दिसून आलें. ग्राहकांस पेट्या दुकानांतून विकत मिळाव्या, असा हेतु १९९६ च्या कायद्यांतच होता. तो फारसा सफळ झाला नाहीं.

मोडेमची गोष्ट मात्र निराळी. तें बाजारांत विकत मिळतें. भाडें महिना १५ डॉलर धरलें तर वर्षाचे १८० होतात. तेवढ्यांत साधें चांगलें मोडेम येऊन वर पैसे उरावे. मात्र घेण्यापूर्वीं कंपनीची मान्य मोडेमांची यादी पाहावी. घरचा टेलिफोनही त्याच तारेवरून चालत असेल तर साधें मोडेम उपयोगी पडत नाहीं, आणि कांहीं योजनांत मोडेमचें भाडें मुळांत नसतेंच. तेथें विकत घेण्याची घाई कशाला? स्वतःच्या उपकरणावर भाडें आकारण्यास २०१९ च्या कायद्यानें मनाई केली असून ती २० डिसेंबर २०२० पासून अमलांत आली आहे. तरीही तें बिलांत दिसलें तर संकोच न धरतां कंपनीस विचारावें.

आपल्या भगिनींनीं पेटी देतांना तिचा रिमोट व तारा विसरूं नयेत, आणि पेटीचा क्रमांक घातलेली पावती हातीं पडल्यावांचून दुकानांतून निघूं नये. न परतविलेल्या पेटीची किंमत पुढील बिलांत येऊन बसते, तेव्हां ती पावतीच कामास येते.