रस्ता ओलांडणाऱ्याचा डोळा आणि वाहनाचा वेग

जुलै २०१९ मध्ये कामोठे वसाहतीत एका भरधाव मोटारीने रस्त्यावरील माणसांना व वाहनांना धडक दिली. दोघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी एक सात वर्षांचा मुलगा होता. त्या प्रसंगी कोणालाही अंदाज घेण्यास अवसर मिळाला नाही. एरव्ही मात्र पादचारी दगावला की, ‘नीट पाहून ओलांडायला काय झाले होते?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. पाहिल्याने वेग खरोखर कळतो का, हे तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते.

समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग डोळ्याला थेट दिसत नाही. दिसते ती त्याची मोठी होत जाणारी आकृती. शंभर मीटरवरील मोटार, हात लांब करून धरलेल्या करंगळीएवढी रुंद भासते. ती दुप्पट दिसू लागण्यासाठी तिला निम्मे अंतर कापावे लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने ते ५० मीटर सव्वादोन सेकंदांत सरतात आणि उरलेले ५० मीटरही तेवढ्याच वेळात. धोका जाणवतो तोवर पाऊल रस्त्यात पडलेले असते. म्हणून माणूस वेगाऐवजी अंतरावर विसंबतो. वृद्धांमध्ये हे अधिक आढळते. दुचाकी आकाराने लहान, त्यामुळे ट्रकच्या मानाने ती उशिरा पोहोचेल असे वाटते, हा आणखी एक चकवा.

मुलांची गोष्ट याहून गंभीर आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील जॉन वॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे, हे प्राथमिक शाळेतील मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. याला बेशिस्त म्हणता येणार नाही. (आम्हीही मुलांना ‘डावी-उजवीकडे पाहा’ एवढेच शिकवत आलो.)

आता कामोठ्याच्या कडेने जाणारा सायन-पनवेल महामार्ग पाहा. एका बाजूच्या पाच मार्गिका प्रत्येकी साडेतीन मीटरच्या धरल्या, तर ओलांडण्यास चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात ८०च्या वेगाची मोटार ३११ मीटर येते. म्हणजे करंगळीच्या तिसऱ्या भागाएवढ्या ठिपक्यावरून जिवाचा निर्णय घ्यायचा! या महामार्गावरील भुयारी मार्गांत पाणी साचल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तेव्हा लोक वरून का जातात, याचे नवल आम्हाला वाटत नाही.

२०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मरण पावले. त्या सर्वांनी पाहिलेच नसेल, असे मानणे कठीण आहे. व्हॅटिकनने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाहनचालकांच्या दहा आज्ञांतही रस्त्यावरील दुर्बलाचे रक्षण करण्यास सांगितले आहे. ते चालकाला उद्देशून आहे.

वसाहतीतील शाळांसमोर वेग ३०च्या आत आणणारे गतिरोधक व उंच पादचारी पट्टे हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. सात मीटरच्या रस्त्यावर वेग ६० असेल, तर पादचाऱ्याला ९३ मीटरवरील वाहनाचा अंदाज घ्यावा लागतो. वेग ३० असेल तर ४७ मीटरवरील. आणि तेथे मोटार करंगळीच्या दुप्पट दिसते.