दैव आणि दैवाचे निमित्त

वर्गात ‘इडिपस’ नाटक निघाले की मागच्या बाकावरून ठरलेला उद्गार येतो, “सर, त्याच्या नशिबातच होतं, तो तरी काय करणार?” अहो, काय करणार काय! सारे नाटक त्या मंडळींनी जे केले त्याचेच तर आहे.

मुलगा बापाला मारील, असे भविष्य ऐकून थीब्झच्या राजाराणीने तान्हे पोर डोंगरावर टाकून यायला मेंढपाळाजवळ दिले. त्याला दया आली. पोर कॉरिंथच्या राजाघरी वाढले. मोठेपणी त्याच इडिपसला डेल्फीच्या देवळात कळले, की बापाचा वध आणि आईशी विवाह आपल्या कपाळी आहे. ज्यांना तो आईबाप समजत होता त्यांच्या काळजीने त्याने कॉरिंथ सोडले. वाटेत एका तिठ्यावर भांडण होऊन त्याने एका म्हाताऱ्याला ठार केले. तोच त्याचा बाप. आणि पुढे लग्न केले ती राणी त्याची आई. भविष्य कोणी मनावर घेतले नसते, तर पोराला बापाचा चेहरा तरी ओळखता आला असता! आपला कंसही याच पंगतीतला.

धृतराष्ट्राची तऱ्हा निराळी. द्यूत नको म्हणून विदुर विनवतो, तर हा म्हणतो, सारे दैवाधीन. दुर्योधनाचे मन मोडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. इडिपसची मला कीव येते. या म्हाताऱ्याचा राग येतो, कारण तो आपल्या घरातला वाटतो. पत्रिका जुळत नाही म्हणून नकार कळवणाऱ्या किती जणांना मुळात मुलीचा रंगच पसंत नसतो!

आणि सावित्री? सत्यवान वर्षभराचाच सोबती आहे, असे नारद सांगतो. बाप दुसरा वर पाहायला सांगतो. नारदाचे बोलणे खोटे असेल, असे ती एकदाही म्हणत नाही. वर मात्र बदलत नाही. लग्नानंतर ती दिवस मोजत राहते. चार दिवस उरतात तेव्हा तीन रात्रींचे व्रत धरते. ठरल्या दिवशी सत्यवान खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात निघतो, तेव्हा सासूसासऱ्यांना विचारून तीही बरोबर जाते. कशासाठी, ते त्याला सांगत नाही.