बदकपिल्लांना खाचरात केव्हा सोडावे?

भोसले घराण्याच्या राज्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेला तंजावर जिल्हा हा मुळात भाताचा प्रदेश आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कापणीनंतर सांडलेले दाणे व गोगलगायी टिपत हिंडणारे बदकांचे कळप हे तेथील जुने दृश्य होय. जपानमधील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून लावणीनंतरच्या उभ्या भातात बदकपिल्ले सोडण्याची पद्धत विकसित केली. तण, तुडतुडे व गोगलगायी यांचे नियंत्रण आणि विष्ठेचे खत असा दुहेरी लाभ त्यातून मिळतो. ही पद्धत आपल्याकडे रुजवायची, तर पिल्लांना ब्रूडरमधून बाहेर काढण्याच्या प्रश्नाकडे नव्याने पाहावे लागेल.

प्रचलित सल्ला वय व तापमान या दोनच गोष्टी सांगतो. पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ती कमी करावी आणि तीन-चार आठवड्यांत कृत्रिम ऊब बंद करावी. हा सल्ला योग्यच आहे. दिव्याखाली दाटी करणारी पिल्ले थंडीची, तर दिव्यापासून दूर पळणारी पिल्ले उकाड्याची सूचना देतात. ब्रूडरमधील पिल्लांना आईच्या पिसांतील तेलकटपणाचा लाभ मिळत नाही आणि त्यांची स्वतःची तैलग्रंथीही अद्याप पुरेशी कार्यक्षम नसते. म्हणून प्रारंभी त्यांना उन्हाच्या वेळी, उथळ पाण्यात, थोडा वेळ व देखरेखीखालीच सोडावे आणि कोरडी करून परत आत घ्यावे.

परंतु हा सल्ला ब्रूडरच्या दारापाशीच थांबतो; खरा धोका दाराबाहेर आहे. मोठी बदके कोवळी रोपे तुडवतात. म्हणून लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी, रोपांनी मूळ धरल्यावर, लहान पिल्लेच खाचरात सोडावी लागतात. नेमक्या याच पहिल्या महिन्यात खोडकिड्यासाठी दाणेदार कीटकनाशक टाकण्याचा प्रघात आहे. कार्बोफ्युरॉनसारखी द्रव्ये पक्ष्यांना अत्यंत विषारी असतात, आणि चिखल चाळणारी चोच दाणा व विष यांत भेद करीत नाही. तंजावर परिसरात पुष्कळ ठिकाणी पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. त्यामुळे स्वतः फवारणी न करणाऱ्या शेतकऱ्याची पिल्लेही वरच्या बांधावरील निर्णयाला बळी पडू शकतात.

हंगामाचाही विचार हवा. कुरुवैच्या लावणीच्या वेळी हवा उष्ण असते, तेव्हा पिल्ले लवकर बाहेर काढता येतात. सांबाची कोवळी रोपे मात्र ईशान्य मोसमी पावसाला सामोरी जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संततधारेत तीन आठवड्यांच्या पिल्लाला रात्रीचा कोरडा निवारा अनिवार्यच आहे.

बदक हा सर्वरोगहारी उपाय नव्हे. खोडाच्या आत शिरलेली अळी त्याच्या चोचीला सापडत नाही आणि तुडतुड्यांबरोबर कोळ्यांसारखे मित्रकीटकभक्षकही ते गिळते. ओंबी बाहेर पडू लागताच त्याला खाचरातून काढावेच लागते, अन्यथा ते दाण्यांवर ताव मारते. तरीही अनावश्यक फवारणीने कोळी नष्ट होऊन तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक ओढवून घेण्यापेक्षा बदकांचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे.

म्हणूनच बदकपालनाच्या मार्गदर्शनात वयाच्या तक्त्याशेजारी फवारणीचा तक्ताही असावा. एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांनी लावणीपूर्वीच एकत्र बसून पिल्ले सोडण्याचा काळ ठरवावा आणि त्या काळात आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज कोणीही औषध वापरू नये. वापरणे अटळ झाल्यास शेजाऱ्यांना आधी कळवावे, म्हणजे पिल्ले वेळीच आत घेता येतील. कोकणातील उताराच्या खाचरांतही पाणी असेच वरून खाली उतरते. तेथेही हा नियम तितकाच लागू आहे. पिल्लू बाहेर जाण्यास तयार आहे का, या प्रश्नाइतकाच शिवार त्याला स्वीकारण्यास तयार आहे का, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.