टेड विल्यम्सला राऊंड ऑफ करू नका

टेड विल्यम्सचं नाव निघालं की एक गणित हमखास मांडलं जातं. दोन युद्धांपायी त्याचे जवळजवळ पाच सीझन गेले. ते खेळला असता तर ५२१ होमरन्सचे किती झाले असते? लावा सरासरी, करा गुणाकार आणि हळहळा! पाठोपाठ दुसरं पालुपद: देशासाठी हसत हसत सगळ्यावर पाणी सोडणारा वीर. मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात नसलेला डेटा भरायचा, दुसऱ्यात असलेला पुसायचा.

मुळात या माणसाला राऊंड ऑफचं वावडं होतं. २८ सप्टेंबर १९४१, सीझनचा शेवटचा दिवस. बोस्टन रेड सॉक्सच्या या बॅटरची सरासरी होती ०.३९९५५. (दहात तीन हिट म्हणजे उत्तम बॅटर, चार म्हणजे दंतकथा.) रेकॉर्डमध्ये दशांशानंतर तीनच आकडे, म्हणजे ०.४०० झालेच होते. मॅनेजर जो क्रोनिनने बाहेर बसायची मुभाही दिली. पठ्ठ्या त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, ८ पैकी ६ हिट मारले, ०.४०६ वर थांबला. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर ०.४०० कुणाला जमलेलं नाही.

आता युद्ध. आई त्याच्यावर अवलंबून, म्हणून १९४२ च्या सुरुवातीला त्याला सैन्यभरतीतून सवलत होती. पेपरांत टीकेची झोड उठली. मे महिन्यात त्याने नौदलात वैमानिक व्हायला नाव नोंदवलं. १९४३ ते १९४५ गणवेशात गेली, पण लढाई बघितली नाही; फ्लोरिडात पेन्साकोलाला तो नव्या वैमानिकांना शिकवत होता. १९५२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, राखीव दलातून कोरियासाठी पुन्हा बोलावणं आलं. तो चिडला, आणि ती चीड त्याने पुढेही लपवली नाही.

पण गेला. जेट उडवायला शिकला, ३९ मोहिमा केल्या. १६ फेब्रुवारी १९५३ ला गोळीबारात विमान पेटलं, रेडिओ गेला, चाकं उघडेनात. सवा सहा फुटी माणूस. सीटसकट बाहेर फेकलं गेलो तर गुडघे जातील या भीतीने उडी मारली नाही. विमान सुवोनच्या धावपट्टीवर पोटावर घासत उतरवलं आणि जिवंत बाहेर पडला.

लोक विचारतात, कुरकुरत गेलेला माणूस आदर्श कसला? अहो, तोच तर खरा! आवडीचं काम कोणीही नीट करतं. आपल्याला साधं शनिवारी ऑफिसात बोलावलं तर सोमवारपर्यंत तोंड वाकडं असतं, कामही तसंच होतं. याने अन्याय वाटला तर तसं सांगितलं, आणि काम मात्र चोख केलं. शिवाय प्रत्येक सैनिक हसतच गेला असं एकदा ठरवलं, की त्याला पाठवणाऱ्यांना कुणी जाब विचारायचं कारणच उरत नाही. ते हसू बहुतेक वेळा घरी बसलेल्यांनीच चिकटवलेलं असतं.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये तो परतला, उरलेल्या सीझनात ३७ सामने खेळला, सरासरी ०.४०७. ब्रॅडमनच्या ९९.९४ ला आपण १०० म्हणतो का? मग विल्यम्सचे रिकामे रकानेही रिकामेच ठेवा. युद्धाची किंमत तिथेच दिसते. आणि त्याचा रागही तसाच राहू द्या.