गल्लीतले मत

लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १९७६ मध्ये आणीबाणीच्या आडोशाने तत्कालीन सरकारने ही मुदत वाढवून घेतली. तो लोकशाहीचा गळा घोटण्याचा प्रकार आहे, असे या देशातील असंख्य सामान्य माणसांना वाटले आणि त्यांतील कित्येक जण त्या वेळी कारागृहात होते. त्यांच्या आठवणी ऐकतच आमची पिढी लहानाची मोठी झाली. मत ही कोणा सरकारने मेहेरबानीने द्यावयाची वस्तू नव्हे, हा संस्कार तेथूनच आमच्यावर झाला.

मात्र ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, तेव्हा याच महाराष्ट्रात कोणाच्या घरी चूल पेटायची राहिली नाही. पुढच्याच आठवड्यात पुण्याची मुदत संपली. नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर अशी रांग लागली. आयुक्तच प्रशासक झाले आणि नगरसेवक ‘माजी’ झाले. कोठे मोर्चा निघाला नाही, कोणी उपोषणाला बसले नाही. दूध, वर्तमानपत्र, कचरागाडी सारे वेळेवर येत राहिले. आपले मत गहाळ झाले आहे, याची तक्रार नोंदवायला कोणी गेले नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई या शहरांची कहाणी तर याहून विलक्षण आहे. तेथील मतदारांनी महापालिकेसाठी एप्रिल २०१५ मध्ये मत दिले होते. त्यानंतरचे मत त्यांनी दिले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. पाच वर्षांसाठी दिलेल्या मतानंतर पावणेअकरा वर्षे वाट! यातील २०२० चे वर्ष महामारीचे होते, हे मान्य. त्या वर्षी मतदानाचा आग्रह धरणे अविचाराचे ठरले असते. परंतु महामारीच्या काळातही बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश येथे विधानसभेच्या निवडणुका झाल्या, २०२४ मध्ये देशाची आणि महाराष्ट्राचीही निवडणूक पार पडली. ज्या मतदान केंद्रावर सहा महिन्यांत दोनदा मतदान होऊ शकले, त्याच केंद्रावर तिसरी निवडणूक मात्र होऊ शकत नव्हती.

हे का घडले, याचा हिशेब मतदाराने एकदा शांतपणे मांडला पाहिजे. कारण प्रत्येक पक्षाच्या प्रवक्त्यापाशी त्याचे अर्धे उत्तर तयार असते आणि उरलेले अर्धे नेहमी दुसऱ्या पक्षाच्या नावावर लिहिलेले असते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. स्वतंत्र आयोग नेमावा, त्याने त्या त्या संस्थेपुरती माहिती गोळा करावी आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये. प्रश्न खरा होता. मागास समाजांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण माहिती गोळा करण्याचे काम महिनोन् महिने रेंगाळले. मार्च २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकारच राज्य निवडणूक आयोगाकडून आपल्याकडे घेतले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्यास सांगितले. जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयाने स्वीकारला आणि आता मार्ग मोकळा झाला असे वाटले. तोवर राज्यात सत्तांतर झाले होते. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये मुंबईची प्रभागसंख्या २३६ वरून पुन्हा २२७ वर आणली, इतरत्रही आधीच्या सरकारचे गणित पुसले. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि त्या दोन शब्दांखाली महाराष्ट्रातील नागरी मतदार जवळजवळ तीन वर्षे झाकला गेला. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा अंतरिम आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मर्यादा घातली, तेव्हा कोठे यंत्रणा हलली.

एका सरकारने गाडी रुळावरून उतरवली, दुसऱ्याने ती परत रुळावर ठेवण्याची घाई केली नाही. दोघांनाही प्रशासकाचा कारभार सोयीचा होता. ज्या पक्षाला आपण मत देतो त्याचीही चूक चूकच असते, एवढा प्रामाणिकपणा सामान्य मतदाराला परवडतो; कारण त्याला तिकीट मागायचे नसते.

वास्तविक राज्यघटनेने यात पळवाट ठेवलेलीच नाही. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४३ यू मध्ये पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे लिहिले आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असेही लिहिले आहे. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले होते. प्रभागरचना, मतदारयाद्या ही कामे वेळेत उरकायची असतात, ती लांबणीचे निमित्त होऊ शकत नाहीत. तरीही निमित्त झालेच.

या काळात काय बिघडले, असा प्रश्न काही सुशिक्षित मंडळी विचारतात. त्यांच्या मते प्रशासकाच्या काळात कामे झपाट्याने झाली, नगरसेवकांची टक्केवारी वाचली. नगरसेवक या जमातीविषयी जनतेच्या मनात जी अढी आहे, ती त्या जमातीने कष्टाने कमावलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबई महापालिकेचे २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ हे तीन अर्थसंकल्प लोकनियुक्त सभागृहाशिवाय मंजूर झाले. त्यांतील शेवटचा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. अधिकाऱ्याने मांडायचा आणि अधिकाऱ्यानेच संमत करायचा. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, ‘अध्यक्ष महाराज, माझ्या प्रभागातील नाल्याचे काय झाले?’ असे तारस्वरात विचारणारा कोणी नाही. तो आवाज कर्कश असेल, त्यामागे कंत्राटदाराशी बिनसलेले असण्याचाही संभव असेल, तरी तो सभेत उमटत होता आणि इतिवृत्तात नोंदला जात होता.

आमच्या भागात या काळात पाण्याची वेळ पहाटेची झाली. पूर्वी असे काही झाले की नगरसेवकाच्या कार्यालयात चार बायका जाऊन बसत आणि चहा पिऊन, थोडे भांडून, काहीतरी पदरात पाडून परत येत. आता जायचे कोठे? अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितले, ‘लेखी अर्ज द्या.’ अर्जाला क्रमांक मिळाला. बदली झाली. नव्या अधिकाऱ्यानेही नम्रपणे अर्ज मागितला. माणसे वाईट नव्हती. त्यांना आमच्या दारी पुन्हा मत मागायला यायचे नव्हते, एवढेच.

असो. अखेर मतदान झाले. मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा एक प्रभाग. अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते. आमच्या केंद्रावर एक वृद्ध गृहस्थ एक बटण दाबून बाहेर निघाले, तर त्यांना परत बोलावून ‘आजोबा, अजून तीन राहिली’ असे सांगावे लागले. ‘मला एकच नगरसेवक हवा आहे हो’, असे ते म्हणाले. रांगेत हशा पिकला, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. चौघांचा मिळून एक प्रभाग असला की रस्त्यावरचा खड्डा नेमका कोणाचा, हे पाच वर्षांत ठरत नाही. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. पुढे आघाडी सरकारने आधी एकाचा ठरवला, मग तिघांचा केला आणि नंतरच्या सरकारने तो पुन्हा चौघांचा केला. नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडावेत की सदस्यांतून, याचाही असाच लंबक झालेला आहे. सत्ता बदलली की नियम बदलतो. खेळाडूनेच दर डावाला सीमारेषा आखायची असेल, तर प्रेक्षकाने धावा मोजायच्या कशा?

काही मतदारांना तर तीही संधी मिळाली नाही. कल्याण-डोंबिवली, जळगाव, पनवेल अशा शहरांत कित्येक जागा बिनविरोध झाल्या आणि त्यांतील बहुतांश सत्तारूढ पक्षांच्या पदरात पडल्या. गावात सर्वांनी पारावर बसून एका शहाण्या माणसाला बिनविरोध सरपंच करणे ही आपली सुंदर परंपरा आहे. पण महानगरातील पन्नास-साठ हजार वस्तीच्या प्रभागात माघारीच्या दिवशी अकस्मात सर्वांना उपरती होते, याला परंपरा म्हणता येत नाही. ‘नोटा’ हा पर्याय मतदाराला न्यायालयाने २०१३ मध्ये मिळवून दिला. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये त्याला स्थानिक निवडणुकांत दातही दिले. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक. बिनविरोधाच्या वाटेने ते दातही काढून घेतले गेले. रिंगणात एकच उमेदवार उरला तरी मतदान व्हावे आणि त्याची लढत ‘नोटा’शी व्हावी, ही मागणी आता सर्वांनी लावून धरण्याजोगी आहे.

आणि निकालानंतर? डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. अकोटमध्ये भाजपने ज्या आघाडीची मोट बांधली, तिच्यात एमआयएमही होता. अंबरनाथमध्ये मित्रपक्ष शिवसेनेला बाजूला सारण्यासाठी भाजप आणि काँग्रेस एकत्र आले. काँग्रेसने कारवाई केली तेव्हा त्या पक्षाच्या बारा नगरसेवकांनी भाजपमध्येच प्रवेश केला. मुख्यमंत्र्यांनी अशा युत्या खपवून घेणार नाही असे सांगितले, हे योग्यच झाले. परंतु अकोटच्या ज्या मतदाराने विचाराला मत दिले होते, त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आमच्या वाचकांना करून द्यावी लागू नये. ‘स्थानिक पातळीवर असे चालायचेच’, हे वाक्य सर्व पक्षांच्या तोंडी असते. स्थानिक पातळी म्हणजे काय विचारांचे उकिरडे टाकण्याची जागा आहे? कार्यकर्ता तेथेच घडतो. तेथे त्याने जे पाहिले, तेच तो पुढे विधानसभेत करतो.

पुणे नगरपालिकेत महात्मा फुले सदस्य होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. वल्लभभाई पटेलांनी कारभार शिकला तो अहमदाबादच्या नगरपालिकेत. गटारे आणि नळ यांत त्या मोठ्या माणसांना कमीपणा वाटला नाही. परकीय राज्यात जो तुटपुंजा अधिकार हाती आला, तो त्यांनी हिरिरीने वापरला.

आता स्वकीयांच्या राज्यात आपण तो कसा वापरतो? मुंबईत २०१२ मध्ये पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, २०१७ मध्ये ते पंचावन्न टक्क्यांपर्यंत चढले. नऊ वर्षांच्या खंडानंतर, २०२६ मध्ये ते निम्म्याहून थोडे अधिक, एवढेच राहिले. इतक्या काळाने भेटलेल्या हक्काला निम्म्या शहराने दार उघडले नाही. मतदारयादीत नाव सापडले नाही, केंद्र बदलले, ही कारणे खरी आहेत आणि आयोगाने त्याची लाज बाळगली पाहिजे. पण ज्यांचे नाव होते, केंद्र पायी अंतरावर होते आणि जे सुट्टी साधून गावाबाहेर गेले, त्यांचे काय? प्रशासकाचा काळ विनातक्रार सरला, त्याचे कारण येथे दडलेले आहे. जे आपण वापरत नव्हतो, ते नेल्याचे आपल्याला कळलेच नाही.

निवडून आलेल्यांकडून अपेक्षा कोणती ठेवावी, यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. रामभाऊ म्हाळगी आमदार असताना आणि पुढे ठाण्याचे खासदार असतानाही आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. किती प्रश्न विचारले, कोणती कामे झाली, कोणती राहिली याचा तो रोकडा हिशेब असे. त्या काळात ना संगणक होता, ना भ्रमणध्वनी. आज नव्या नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत लागतात. वर्षाकाठी चार पानांचा अहवाल काढणे त्यांना अशक्य नाही. ज्यांच्या कार्यालयात म्हाळगींची तसबीर आहे, त्यांनी तरी तो काढावा. आणि प्रभागात चार जण असतील तर चौघांनी वेगवेगळा काढावा.

एकत्र निवडणुकांचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले आहे. सतत वाजणारे निवडणुकांचे नगारे थांबावेत, ही त्यामागील भूमिका आम्हाला पटते. कोविंद समितीने लोकसभा-विधानसभांनंतर शंभर दिवसांत स्थानिक निवडणुका घ्याव्यात असे सुचवले होते. मांडलेल्या विधेयकात मात्र स्थानिक संस्थांचा समावेश नाही. पंक्तीतले हे पान पुन्हा एकदा वाढायचे राहून गेले.

महापालिकांची नवी मुदत २०३१ च्या आरंभी संपेल. त्यापूर्वी २०२७ ची जनगणना पूर्ण होईल, नवी लोकसंख्या हाती येईल आणि प्रभाग नव्याने आखावे लागतील. आरक्षणाचा प्रश्न पुन्हा उभा राहील, एक सदस्य की चार हा घोळ पुन्हा निघेल आणि कोणी ना कोणी न्यायालयात जाईलच. म्हणजे २०२२ मध्ये जी जी कारणे सांगितली गेली, ती सारी २०३० मध्ये तयारच असणार आहेत. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत देणारा कायदा विधिमंडळाने आताच करावा. प्रभाग एकसदस्यीय की बहुसदस्यीय, हे एकदा ठरवून पुढील किमान तीन निवडणुकांसाठी गोठवावे. २०३० च्या दिवाळीपूर्वी प्रभागांचे अंतिम नकाशे वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लागले आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम आमचे आणि तुमचे आहे.